मला रस्ता दिसतो, मग लाइट कशाला?

आजचा भाग सायकलच्या लाइटबद्दल आहे. (खाली दिलंय ते बोलण्याचं लिखित रूप. ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

गेल्या काही भागांनंतर मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतोय : ‘दादा, सायकलला कुठली लाइट घेऊ? लिंक पाठव.’ लिंक मी पाठवणार नाही. कारण आज पाठवलेली लिंक दोन महिन्यांनी मेलेली असते, आणि तोच डबा दुसऱ्या नावाने विकायला आलेला असतो. त्याऐवजी लाइट कशी निवडायची तेच सांगतो. एकदा ते समजलं की दुकानात उभं राहून, डब्यावरचे आकडे वाचून, तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

माझ्याबद्दल थोडक्यात, नव्या लोकांसाठी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ऑफिस हिंजवडीत आणि घर पुण्यात, एका बाजूने चौदा किलोमीटर. आठवड्यातून तीन-चार दिवस सायकलने जातो. सकाळी जाताना उजेड असतो, पण परत निघेपर्यंत आठ-साडेआठ होतात, आणि क्लायंटचा कॉल लांबला की दहा. त्यामुळे अंधारात, ट्रॅफिकमध्ये सायकल चालवणं ही माझ्यासाठी हौसेची नाही, रोजची गोष्ट आहे.

आमच्या ऑफिसच्या गेटवर एक सिक्युरिटीवाले मामा आहेत. तेही सायकलवाले, पण जुन्या काळ्या, दांडीवाल्या सायकलचे. दुसरी शिफ्ट संपली की रात्री अकराला माणच्या दिशेने निघतात. त्या रस्त्यावर पुढे पुढे दिवे कमी होत जातात, आणि रात्री डंपर सुटलेले असतात. मामांचा युनिफॉर्म गडद निळा, सायकल काळी, मागचा रिफ्लेक्टर कधीच तुटून गेलेला. एकदा मी त्यांना म्हटलं, “मामा, लाइट लावा की हो सायकलला.” तर ते हसले आणि म्हणाले, “सर, वीस वर्षांचा रस्ता आहे. मला रस्ता दिसतो. लाइट कशाला?”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय, कारण बहुतेक सगळे लोक लाइट घेताना हाच विचार करतात. ‘मला दिसतंय का?’ शहरातल्या ट्रॅफिकमध्ये खरा प्रश्न उलटा आहे. ‘मी दिसतोय का?’ या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांच्यासाठी लाइटही वेगळ्या लागतात.

आधी एक छोटं गणित करू. घाबरू नका, दहावीचंच आहे. तुम्ही ताशी १८ किलोमीटरने जाताय, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. मागून गाडी येतेय ताशी ६० ने, म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. दोघांमधलं अंतर दर सेकंदाला ११.७ मीटरने कमी होतंय. आता समजा तुमच्याकडे लाइट नाही, कपडे गडद आहेत आणि गाडीवाल्याला तुम्ही ३५ मीटरवर दिसलात. त्याच्या हातात किती वेळ आहे? तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद ‘हे पुढे काय आहे’ हे कळण्यात जातो. उरलेल्या दीड सेकंदात त्याने ब्रेक मारायचा किंवा स्टिअरिंग वळवायचं, आणि उजवीकडून दुसरी गाडी येत असेल तर तेही करता येत नाही. हाच माणूस १५० मीटरवर दिसला तर जवळजवळ तेरा सेकंद मिळतात. तेरा सेकंदांत तो आरामात इंडिकेटर देऊन लेन बदलेल, फोनवर बोलत असला तरी. (बोलू नये, पण बोलतात.)

मागच्या एका छोट्या लाल दिव्याने हा फरक पडतो. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात ठाम सल्ला : बजेट एकाच लाइटचं असेल तर मागची घ्या. लोक उलटं करतात. पुढे हजार-दीड हजाराचा टॉर्च आणि मागे काहीच नाही. समोरून येणारा निदान तुम्हाला दिसतो तरी, मागून येणाऱ्याबद्दल तुम्ही काहीच करू शकत नाही.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे येऊ. इथे माझ्यातला इंजिनिअर जरा जागा होतो, सांभाळून घ्या.

डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतात ल्युमेन. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो. नळातून एकूण किती पाणी येतंय, तसं. पण ते पाणी बादलीत पडतंय की अंगणभर उडतंय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी लक्स बघायचा. एखाद्या ठिकाणी, एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पोचतात, तो लक्स. आणि अंतर वाढलं की लक्स वर्गाच्या प्रमाणात घटतो. १० मीटरवर ४० लक्स देणारी लाइट २० मीटरवर २० नाही, १० लक्स देते. त्यामुळे प्रकाश नीट रस्त्यावर गोळा करणारी २०० ल्युमेनची लाइट ही झाडाच्या शेंड्यावर उजेड पाडणाऱ्या ६०० ल्युमेनच्या लाइटपेक्षा जास्त कामाची ठरू शकते.

आणि मुळात ते ल्युमेन खरे असतात का? ऑनलाइन शोधलंत तर पाचशे रुपयांत ‘१०,००० ल्युमेन’ मिळतात. हे खोटं आहे हे ओळखायला लॅब लागत नाही. सायकलच्या लाइटमध्ये एलईडी, सर्किट, भिंग सगळं धरून एका वॅटला साधारण १०० ल्युमेन मिळाले तरी बरं म्हणायचं. थोडे कमी-जास्त. म्हणजे १,००० ल्युमेनला १० वॅट लागले. आता बॅटरी बघा. डब्यावर लिहिलंय १,२०० एमएएच. लिथियम सेलचा व्होल्टेज ३.७. दोन्हींचा गुणाकार करा : १.२ गुणिले ३.७, म्हणजे साधारण साडेचार वॅट-अवर. १० वॅटची लाइट त्यावर किती वेळ चालेल? अर्धा तासही नाही. आणि त्याच डब्यावर लिहिलेलं असतं ‘१,००० ल्युमेन, ६ तास’. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही. एक तर ल्युमेन खोटे, नाहीतर तास, आणि बहुतेक वेळा दोन्ही.

अजून एक खूण. आत ‘१८६५०’ नावाचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत हेच असायचे. चांगल्या कंपनीचा १८६५० फार फार तर ३,५०० एमएएचचा असतो. त्यावर ९,९०० एमएएच छापलेलं दिसलं तर ते दुकान सोडा. ती कंपनी चार्जिंग सर्किटही तशाच प्रामाणिकपणे बनवत असणार, आणि तो सेल तुम्ही रात्री उशाशी चार्जिंगला लावणार.

प्रामाणिक कंपन्यांचे तासही जरा समजून घ्यायला लागतात. टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं एक अमेरिकन मानक आहे. त्यात ‘रनटाइम’ मोजतात तो प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘४ तास’ लिहिलंय तेव्हा चौथ्या तासाला तुमच्याकडे ५०० नाही, ५० ल्युमेन असतील. त्यामुळे माझा हिशेब असा : रोज जेवढा वेळ सायकल चालवायची त्याच्या दुप्पट वेळ, मधल्या मोडवर, ती लाइट चालली पाहिजे. फुल मोडवर नाही. माझा प्रवास पन्नास मिनिटांचा, म्हणजे मला मधल्या मोडवर दोन तास पुरतात. ट्रॅफिक जाम, पंक्चर, वाटेत चहा, सगळं त्यात बसतं.

मग किती ल्युमेन घ्यायचे? बाणेर रोडसारख्या दिवे असलेल्या रस्त्यावर पुढे १०० ते २०० खरे ल्युमेन भरपूर झाले. तिथे रस्ता म्युनिसिपालिटी दाखवतेय, तुम्हाला फक्त दिसायचंय. दिवे नसलेला रस्ता, खड्डे, मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड असं असेल तर ३०० ते ५००. त्याचं कारणही गणितातच आहे. ताशी २० ने जाताना खड्डा दिसल्यापासून थांबेपर्यंत तेरा-चौदा मीटर लागतात, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक ठीक असतील तर. म्हणजे निदान १५-२० मीटरवरचा खड्डा स्पष्ट दिसायला हवा. मागे रात्रीसाठी २० ते ५० ल्युमेन पुरतात. मागे १०० च्या वरच्या लाइट मिळतात, पण त्या दिवसाच्या उन्हात दिसण्यासाठी असतात. रात्री सिग्नलला तुमच्या मागे उभ्या असलेल्या स्कूटीवाल्या ताईंच्या डोळ्यांत तो लाल भाला घुसतो. त्याचा कोणाला काही फायदा नाही.

यावरून आठवलं, अप्पर! आपल्याकडे कार, बाइक, रिक्षा, सगळेच अप्पर मारत येतात आणि आपण त्यांना शिव्या घालतो. मग आपणच सायकलला गोल बीमचा टॉर्च लावतो आणि तो सरळ समोर धरतो. समोरच्याच्या डोळ्यांसाठी तोही अप्परच. आणि ज्याचे डोळे दिपलेत त्याला तुम्ही दिसत नाही, फक्त एक पांढरा गोळा दिसतो. तो किती लांब आहे, कुठल्या वेगाने येतोय, काहीच कळत नाही.

जर्मनीत यावर कायदा आहे, एसटीव्हीझेडओ नावाचा. तिथे सायकलच्या पुढच्या लाइटला कारच्या डिप्परसारखा वरून कापलेला बीम लागतो. वरची कड सरळ रेषेत, खाली रस्त्यावर प्रकाश, वर अंधार. आपल्याकडे अशा लाइट मिळतात, थोड्या महाग असतात. लिस्टिंगमध्ये ‘कट-ऑफ बीम’ किंवा हे जर्मन नाव शोधा. मी तीच वापरतो आणि माझ्या मते पुढच्या लाइटवर जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते ल्युमेनवर न घालता यावर घाला.

पण गोल बीमची असेल तरी काम भागतं, फक्त ती नीट वाकवायला लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून बघा. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा, साधारण सात पावलं. हँडलवरची लाइट जमिनीपासून एक मीटर उंच असेल, तर भिंतीवर पडलेल्या प्रकाशाचा सगळ्यात तेजस्वी भाग अर्ध्या मीटरवर यायला हवा, म्हणजे लाइटच्या उंचीच्या निम्म्यावर. याचा अर्थ मोकळ्या रस्त्यावर तो दहा मीटर पुढे जमिनीला टेकतो. बीम कापलेली लाइट असेल तर वरची कड लाइटच्या उंचीपेक्षा जराशी खाली आली की झालं. दोन मिनिटांचं काम आहे. वॉचमन काय करतोय म्हणून विचारेल, त्याला भिंतीजवळ उभं करून मार्किंग करून घ्या.

आता वादाचा विषय. ब्लिंकिंग की स्थिर?

यावर सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये मारामाऱ्या होतात. जर्मनीत सायकलच्या लाइटला ब्लिंकिंगची परवानगी नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून आहे, मिनिटाला ६० ते २४० वेळा या मर्यादेत. म्हणजे दोन प्रगत देश, दोन उलटी उत्तरं. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. चमकणारी गोष्ट पटकन लक्ष वेधते, हे खरं. पण चमकणाऱ्या दिव्याचं अंतर आणि वेग डोळ्याला नीट पकडता येत नाही, हेही खरं. एका चमकीला इथे, पुढच्या चमकीला तिथे, मधे अंधार.

माझं मत असं आहे. दिवसा, पावसाळी हवेत, ब्लिंकिंग. रात्री मागे दोन लाइट : एक स्थिर, एक हळू ब्लिंक करणारी. एकच असेल तर स्थिर, किंवा ज्यात स्थिर प्रकाश चालू राहून वर पल्स येतो तो मोड. पुढे रात्री कायम स्थिर. पुण्यात याला आणखी एक कारण आहे. आपल्या रस्त्यावर सगळंच चमकत असतं. बाइकच्या नंबरप्लेटभोवती, रिक्षाच्या मागे, लग्नाच्या हॉलवर, मंडपावर. त्या गर्दीत तुमचं ब्लिंकिंग हे अजून एक डेकोरेशन होतं.

रंगांचंही सांगून टाकतो. पुढे पांढरा, मागे लाल, यात प्रयोग नको. रात्री ड्रायव्हरचा मेंदू रंगावरून दिशा ठरवतो. लाल म्हणजे पाठ, पांढरा म्हणजे तोंड. मागे निळा-लाल फिरणारा दिवा लावलात तर मागच्याला कळतच नाही की ही पोलिसांची गाडी, ॲम्ब्युलन्स की पोरगं. आणि रस्त्यावर दोन लेझरच्या रेषा काढणारी ती लाइट, जी सगळ्यांना फार आवडते? घ्या, मजा म्हणून. गाडीवाला त्या रेषा बघून अंतर सोडेल या भरवशावर मात्र घेऊ नका. डांबर ओलं असेल किंवा मागून हेडलाइट पडला की त्या रेषा दिसतही नाहीत.

दिवसा लाइट लावण्याबद्दल अनेक जण हसतात. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये एक मोठा प्रयोग झाला होता. ३,८४५ सायकलस्वार घेतले. त्यातल्या साधारण निम्म्यांना चाकाच्या आऱ्यांवरच्या चुंबकांवर चालणारी, कायम चालू राहणारी लाइट दिली, बाकीच्यांना नाही. वर्षभराने लाइटवाल्यांचे अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले. अपघातांची माहिती सायकलस्वारांनी स्वतः कळवलेली होती, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे धरा. पण आपल्याकडेही १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट कायम चालूच राहतात, स्विचच नाही. मागचा विचार तोच आहे.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग, आणि यात लाइटच नाहीये.

गुन्नार योहान्सन नावाचे एक स्वीडिश मानसशास्त्रज्ञ होते. १९७३ मध्ये त्यांनी एक फार साधी गोष्ट दाखवून दिली. माणसाच्या सांध्यांवर, म्हणजे घोटा, गुडघा, खांदा, कोपर इथे फक्त प्रकाशाचे ठिपके ठेवायचे आणि बाकी पूर्ण अंधार करायचा. माणूस स्थिर असेल तर ते नुसते ठिपके. तो चालायला लागला की बघणाऱ्याला लगेच कळतं, हा माणूस आहे. आपला मेंदू माणसाची हालचाल ओळखण्यात इतका पटाईत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या संशोधकांनी हेच सायकलवर करून बघितलं. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बंद ट्रॅकवर, रात्री, ड्रायव्हर गाडी चालवतायत आणि सायकलस्वार वेगवेगळ्या कपड्यांत. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार फक्त २ टक्के वेळा ओळखला गेला. फ्लुरोसंट जॅकेट, ते पोपटी, घातलं तरी १५ टक्के. कारण फ्लुरोसंट रंगाला चमकायला सूर्यातले अतिनील किरण लागतात, आणि रात्री ते कुठून येणार? रिफ्लेक्टिव्ह पट्ट्यांचं जॅकेट घातलं तेव्हा ५० टक्के. आणि त्याच जॅकेटबरोबर घोट्याला आणि गुडघ्याला रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या बांधल्या तर ९० टक्के! पायडल मारताना घोटा वर-खाली होतो, आणि मागच्या ड्रायव्हरच्या मेंदूला क्षणात कळतं की हा खांब नाही, बॅरिकेड नाही, जिवंत माणूस आहे.

घोट्याच्या दोन पट्ट्यांना खर्च किती? शंभर-दीडशे रुपये. चार्जिंग लागत नाही, पावसात बिघडत नाही, पँट चेनमध्ये अडकत नाही हा बोनस. म्हणून माझ्या यादीत मागच्या लाइटनंतर दुसरा नंबर पुढच्या लाइटचा नाहीच, घोट्याच्या पट्ट्यांचा आहे. (हे ऐकून एका मित्राने मला वेड्यात काढलं. आता तोच बांधतो.)

रिफ्लेक्टरची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. तो प्रकाश आला तिथेच परत पाठवतो. हेडलाइट तुमच्यावर पडला तरच तो काम करतो. गल्लीतून आडवी येणारी गाडी, जिचा हेडलाइट अजून तुमच्याकडे वळलाच नाहीये, तिच्यासाठी तुम्ही काळेच. आपल्याकडे सायकलच्या रिफ्लेक्टरबद्दल केंद्राचा २०२० चा क्वालिटी कंट्रोल ऑर्डरही आहे, त्यामुळे नवी सायकल घेताना रिफ्लेक्टर येतात. आणि आपण पहिलं काम काय करतो? सायकल ‘क्लीन’ दिसावी म्हणून ते काढून ड्रॉवरमध्ये टाकतो. बसवा परत ते.

माझे आजोबा पुण्यात सायकलवर नोकरीला जायचे तेव्हाची लाइट म्हणजे डायनॅमो. टायरला घासणारी ती बाटली. ६ व्होल्ट, ३ वॅट. सायकल जड चालायची, आणि थांबलं की लाइट बंद, म्हणजे नेमकं चौकात थांबल्यावर अंधार. ते सांगायचे की त्या काळी दिव्याशिवाय सायकल धरली की पोलीस दंड करायचे, म्हणून लोक पोलीस दिसला की उतरून सायकल हातात धरून चालायला लागायचे. आता चाकाच्या हबमध्ये बसणारे डायनॅमो मिळतात, घर्षण जवळजवळ नाही, आणि लाइटमध्ये छोटा कपॅसिटर असतो, त्यामुळे थांबल्यावरही काही मिनिटं दिवा चालू राहतो. चार्जिंगची कटकट कायमची संपते. पण पूर्ण चाक नव्याने बांधून घ्यावं लागतं आणि खर्च बराच येतो, म्हणून आत्ता त्यात शिरत नाही.

पाऊस. आपल्याकडे चार महिने हा प्रश्न असतो. डब्यावर आयपीएक्स असं लिहून पुढे आकडा असतो. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे चालतील. ५ म्हणजे पाण्याची धार चालेल. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आता गंमत अशी की ७ वाली लाइट ५ ची परीक्षा पास होतेच असं नाही, त्या वेगळ्या परीक्षा आहेत. सायकलच्या मागच्या लाइटवर चाकातून पाण्याची धारच उडत असते, म्हणून मागे निदान ५ बघा, पुढे ४ चालेल. आणि चार्जिंगचं रबरी झाकण खालच्या बाजूला असेल अशी बसवा. घरी आल्यावर मागच्या लाइटवर बोट फिरवून चिखल पुसा. चिखलाखालची ५० ल्युमेन पाच झालेली असते. पावसात पुढची लाइट मेली असं वाटतं, तीही मेलेली नसते. ओला रस्ता आरशासारखा होतो, प्रकाश पुढे निघून जातो, तुमच्याकडे परत येत नाही. तिथे वेग कमी करणं एवढाच उपाय.

बसवण्याबद्दल अगदी थोडं. मागची लाइट सीटखालच्या दांड्यावर लावली आणि वर लांब जर्किन घातलं की ती झाकली जाते. कॅरिअरवर डबा असेल तरी तेच. बॅगेला अडकवलेली लाइट बहुतेक वेळा आभाळाकडे बघत असते. लावून झाल्यावर मित्राला दहा-पंधरा पावलं मागे उभं करा आणि तुम्ही सायकलवर बसा, त्याला दिसतेय का विचारा. आपल्याकडे गाड्या उजवीकडून ओलांडतात, त्यामुळे दोन लाइट असतील तर एक कॅरिअरच्या उजव्या टोकाला लावा. तुमची रुंदी कळते.

मामांचं काय झालं, हे विचारणार तुम्ही. मी त्यांना चार्जिंगवाली छान लाइट द्यायला निघालो होतो, तर त्यांनीच एक मुद्दा काढला. “सर, चार्जिंग कुठं करू? केबिनमध्ये एकच प्लग, त्यावर रजिस्टरचा टॅब. घरी पोरं अभ्यासाला मोबाइल लावतात.” बरोबर होतं त्यांचं. आपण यूएसबी-सी, यूएसबी-सी करतो, कारण आपल्या डेस्कवर तीन पोर्ट मोकळे असतात. मग त्यांच्यासाठी पेन्सिल सेलवर चालणारी मागची लाइट आणली. सेल किराणा दुकानात मिळतात, आणि स्थिर मोडवर रोज अर्ध्या तासाच्या हिशेबाने कित्येक आठवडे जातात. मागच्या मडगार्डवर रिफ्लेक्टिव्ह टेप, पायडलवर टेप, घोट्याला पट्ट्या. टीममधल्या पाच जणांनी मिळून सगळा खर्च सातशेच्या आत. पुढची लाइट अजून नाही. त्यांना रस्ता दिसतोच.

पट्ट्या बांधायला ते आधी तयार नव्हते, ‘बैलासारखं वाटतं’ म्हणाले. मग एका रात्री मी माझ्या सायकलवर बसून गेटपासून लांब गेलो आणि पार्किंगमधल्या एका कारच्या हेडलाइटमध्ये पायडल मारून दाखवलं. ते बघत राहिले आणि म्हणाले, “पायच चालताना दिसतायत की!” आता बांधतात. गेटवरच्या दुसऱ्या गार्डनेही मागितल्यात.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मला बोलायचीच आहे. लाइट लावली नाही म्हणून उडवलं, असं म्हणून कोणी सुटू नये. रस्त्यावरचे दिवे बंद असणं ही सायकलवाल्याची चूक नाही, आणि हेडलाइटच्या टप्प्यात थांबता येईल एवढ्याच वेगाने गाडी चालवणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. त्यावर वेगळा भाग करू. पण आज रात्री अकरा वाजता तो डंपर असणारच आहे, म्हणून आधी ही लाइट.

आता दोन-तीन प्रश्न घेतो, तुमच्या मेसेजमधले.

‘मोबाइलचा टॉर्च हँडलला लावला तर चालेल का?’ एखाद्या दिवशी अडलं तर हो. रोज नको. त्याचा प्रकाश चहूकडे पसरतो, पाच मीटरपुढे काही उरत नाही. शिवाय फोनची बॅटरी संपली की लाइटही गेली आणि फोनही, म्हणजे मदतीला कोणाला बोलावणंही गेलं.

‘हेल्मेटवर लाइट लावू का?’ मागे लाल लावा, उंचावर असल्याने कारच्या छतावरून पलीकडच्यालाही दिसते. पुढे जोरदार पांढरी मात्र नको. तुम्ही ज्याच्याकडे बघाल त्याच्या डोळ्यांत ती जाणार.

‘स्टेशनवर सायकल लावून लोकलने जातो, लाइट चोरीला जाते.’ काढता येणारी घ्या, रबरी पट्ट्याची, आणि खिशात टाका. काढायला विसरणार असाल तर स्क्रूने बसणारी, पेन्सिल सेलवाली, दिसायला गरीब अशी घ्या. तिच्याकडे चोर बघत नाहीत.

‘हजार रुपयांत सगळं बसवून दे.’ बसतं की. मागची लाइट तीनशेच्या आसपास, पट्ट्या आणि टेप दोनशे, उरलेल्या पाचशेत पुढची छोटी, २०० ल्युमेनच्या आतली, यूएसबीवर चार्ज होणारी. डब्यावर बॅटरीचा आकडा लिहिलेला असेल तीच घ्या, म्हणजे मघाचा गुणाकार करता येईल.

तर पार्किंगमध्ये भिंतीवर लाइट मारून बघा आणि फोटो पाठवा. कोणाची लाइट तिसऱ्या मजल्यावर चालली असेल तर तेही पाठवा, नाव न घेता दाखवू सगळ्यांना. पुढच्या भागात ब्रेक : रिम की डिस्क, आणि पावसात दोन्ही का ओरडतात. भेटू.